पोलीस मृत्यूवर विनोद करत असतील, तर त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

रात्रभर अपघातातली प्रेतं उचलणारी माणसं पहाटे टपरीवर चहा घेताना एखादा भयंकर विनोद करतात. नाही केला तर घरी गेल्यावर घास उतरत नाही. मला यात काही वावगं वाटत नाही. प्रश्न आहे तो हसू कुणाच्या जिवावर आहे याचा.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातलं प्रकरण घ्या. जानेवारी 2023 मध्ये ताशी 25 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पोलिसांची गाडी 74 मैलांपर्यंत गेली आणि रस्ता ओलांडणारी 23 वर्षांची भारतीय विद्यार्थिनी त्या गाडीच्या धडकेने मेली. चालकाने नशा केली आहे का, हे तपासायला आलेला अधिकारी नंतर फोनवर हसत म्हणाला, 11,000 डॉलरचा चेक लिहून टाका, तिची किंमत तेवढीच. अंगावरचा कॅमेरा चालूच होता.

भरपाई कमी करू पाहणाऱ्या वकिलांची नक्कल करत होतो, हा त्याचा खुलासा. मला तो पटत नाही. चूक आपल्याच खात्याच्या गाडीची आणि तपासणाराही आपलाच, अशा वेळी मेलेल्या पोरीच्या किमतीवर हसणाऱ्याच्या अहवालावर तिच्या आईने कसा विश्वास ठेवायचा? जुलै 2024 मध्ये त्याला बडतर्फ केलं. घटनेनंतर तब्बल दीड वर्षाने.