संदेश, संकेत आणि निरोप

चोपड्याच्या एका शिक्षिकाबाई विचारतात: कर्करोगावरच्या व्याख्यानात 'सूक्ष्म आरएनए संदेश दाबतो, त्यामुळे संदेशमार्ग मंदावतो' असं वाक्य ऐकलं. यातले दोन्ही 'संदेश' एकच का?

अजिबात नाहीत. वक्त्याला दोष देऊ नका. परिभाषा घडवणाऱ्यांनीच दोन वेगळ्या गोष्टींना एक शब्द वाटून दिला आहे.

आधी 'सूक्ष्म'चा त्रास संपवतो. हे विशेषण ऐकलं की लोकांना सूक्ष्मजंतू आठवतात आणि पुढचं वाक्य येतं, 'कॅन्सरची लागण झाली'. लागण रावेरकडच्या केळीवर करप्याची होते. काही विषाणूंमुळे कर्करोग होऊ शकतो हे खरं, पण तिथेही लागण विषाणूची. बिघडतात त्या आपल्याच पेशी. सूक्ष्म आरएनए (मायक्रोआरएनए) म्हणजे पेशीने स्वतःच तयार केलेला, आरएनए या डीएनएच्या भावंड-रेणूचा सुमारे 22 रासायनिक अक्षरांचा तुकडा. 'लघु' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता संदेशमार्ग. भुसावळला सिग्नल पडला की गाडी निघते. गाडीत काय भरलंय याची सिग्नलला काही खबर नसते. पेशीतही तसंच. वाढीचा घटक बाहेरून येऊन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतो, त्यामुळे आत रास नावाचं प्रथिन जागं होतं, ते पुढच्याला जागं करतं आणि 'विभाजन सुरू करा' हा इशारा केंद्रकापर्यंत पोचतो. यात मजकूर नाही, म्हणून हा संकेत. 'संकेतमार्ग' म्हणा आणि मोकळे व्हा.

मजकूर असतो तो 'संदेशवाहक आरएनए'मध्ये. जनुकातल्या कृतीची नक्कल घेऊन तो रायबोसोम या पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याकडे जातो आणि तिथे प्रथिन तयार होतं. याला संस्कृतात नेऊन संदेशवाहक कशाला करायचा, अस्सल मराठी 'निरोप्या' घरात असताना?

निरोप हा शब्दच बघा. मूळ 'निरूपण', म्हणजे एखाद्या गोष्टीचं रूप उलगडून दाखवणं. दासबोधाचे समास एकामागून एक 'निरूपण' याच नावाचे आहेत. ज्ञानेश्वरीत 'निरोपणे' हे सरळ क्रियापद आहे, सांगणे या अर्थी. जे निरोपलं तो निरोप. आणि मग मराठीने त्याला जी कलाटणी दिली तिला तोड नाही: सांगून झालं की निघायची परवानगी, म्हणून तोही निरोप! अहिराणीत 'निरोप उना' म्हणताना आपल्याला खबर मिळते आणि गणपतीला मात्र निरोप आपण देतो. आमच्या जळगावातले एक अभ्यासक हा शब्द 'रोप'पासून काढतात, विचार रोवला जातो म्हणून. रोप लावलं की तिथेच राहतं, निरोप लावला तर पोचणार कधी? पण त्यांना ते पटत नाही.

माझा आग्रह निरोपाच्या दुसऱ्या, निघून जाण्याच्या अर्थासाठी आहे. सूक्ष्म आरएनए आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या सोबतीने निरोप्याच्या शेपटाकडच्या भागाला चिकटतो. मग प्रथिन बनणं अडतं आणि बहुतेक वेळा निरोप्या मोडीत निघतो. म्हणजे निरोप्यालाच निरोप! संदेशवाहकाला संदेश दिला म्हणून ही गंमत साधणार आहे का?

हा उद्योग 1993 मध्ये जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्याबद्दल 2024 चं नोबेल मिळालं. कर्करोगाशी नातं 2002 मध्ये दिसलं. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा पुष्कळदा हरवलेला असतो, त्यात मिर-15 आणि मिर-16 ही सूक्ष्म आरएनएंची जोडी होती ('मिर' हे मायक्रोआरएनएचं छोटं नाव). बीसीएल-2 हे प्रथिन पेशीला मरू देत नाही आणि त्याचा निरोप ही जोडी दाबते. जोडी गेली की मरायला हवी ती पेशी जगत राहते.

बाईंच्या वाक्यातली साखळी लेट-7 या सूक्ष्म आरएनएमध्ये नेमकी दिसते. तो दाबतो रासचा निरोप. रास कमी बनलं की रासच्या वाटेने जाणारा संकेत मंदावतो. फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत लेट-7 घटलेला आढळतो. पण यावरून 'सूक्ष्म आरएनए कर्करोग रोखतो' असं सरसकट लिहिणाऱ्या वर्तमानपत्री लेखकांनी मिर-21 कडे बघावं. तो पीटेन या प्रथिनाचा निरोप दाबतो आणि पीटेन हा वाढीच्या एकेटी मार्गावरचा ब्रेक आहे. कृती तीच, परिणाम उलटा. कोणाचा निरोप दाबला, यावर सगळं ठरतं. उपचारही त्यामुळे सोपे नाहीत. कर्करोगाला आवर घालणाऱ्या मिर-34 ची नक्कल औषध म्हणून देऊन पाहिली, पण प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी 2016 मध्ये थांबवावी लागली.

तेव्हा बाई, वर्गात बिनधास्त शिकवा: सूक्ष्म आरएनए निरोप दाबतो, त्यामुळे संकेत मंदावतो किंवा मोकाट सुटतो. परीक्षेत मात्र मुलांना 'संदेशवाहक'च लिहू द्या. 'निरोप्या' लिहिलं म्हणून गुण कापणारे परीक्षक तापीच्या दोन्ही काठांवर आहेत.