वाचक विचारतात: जुनी लाइट रेल, मध्ये नवा डबा

प्रश्न (ठाणे): डॅलसला मुलाकडे गेलो होतो. तिथल्या लाइट रेलचा (ट्रामसारख्या शहरी रेल्वेचा) मधला भाग सखल आणि दोन्ही टोकं उंच आहेत. गाडी मुळातच अशी का बांधली?

उत्तर: मुळात ती तशी नव्हतीच. १९९६ मध्ये धावू लागलेल्या किंकी शारयो या जपानी कंपनीच्या गाड्या दोन भागांच्या, सरसकट उंच तळाच्या होत्या. दारात शिरलं की पायऱ्या चढायच्या. व्हीलचेअरसाठी फलाटाच्या एका टोकाला वेगळा उंच कट्टा आणि उतार. २००८ पासून त्यांतल्या ११५ गाड्या मधल्या सांध्याशी सोडवून तिथे सखल भाग घातला गेला. लांबी २८ मीटरवरून जवळपास ३८ मीटर झाली.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. सखल तळाखाली यंत्रं ठेवायला जागाच उरत नाही, ती छपरावर जातात आणि छपराचा सांगाडा त्या वजनासाठी बांधावा लागतो. सांधे एकाचे दोन होतात, म्हणजे वळणावर वाकणाऱ्या केबलींच्या जागाही दोन. केबलची लांबी बेताची धरली तर ताण बसतो, सैल सोडली तर केबल घासून आवरण फाटतं. कारखान्यात गाडी उचलताना एक आधार जास्त लागतो आणि सगळे जॅक एकाच वेळी, एकाच गतीने चढावे लागतात, नाहीतर सांध्याला पीळ पडतो.

फलाटही बदलावे लागले. जुने सुमारे २० सेंमी उंच होते, सखल दाराशी पातळी जुळवायला ते सुमारे ३९ सेंमीपर्यंत उचलले. अमेरिकेत नव्या लाइट रेलसाठी फलाट आणि दारातली आडवी फट साधारण ७६ मिमी आणि उभा फरक १६ मिमीच्या आत हवा. चाक झिजलं की तळ खाली येतो. म्हणून देखभालीत स्प्रिंगखाली पातळ पत्रे सरकवून उंची परत आणतात. हे राहून गेलं की व्हीलचेअरचं पुढचं चाक कडेवर अडतं.

आणखी एक: लांब झालेल्या तीन गाड्या जोडल्या की फलाट अपुरे पडतात. रेड आणि ब्लू मार्गांवरचे फलाट त्यासाठी वाढवावे लागले.

प्रश्न (पुणे): डॅलसच्या गाडीत विजेच्या मोटारी तेवढ्याच ठेवून एवढं वजन कसं ओढतात?

उत्तर: तीन बोग्यांपैकी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा दोन आसांचा चाकांचा सांगाडा) टोकाच्या दोन मोटारीच्या होत्या. आता बोग्या चार, मोटारीच्या मात्र दोनच. म्हणजे सहापैकी चार आसांऐवजी आठपैकी चार आस ओढणारे. रिकामी गाडी सुमारे ४९ टनांची ६३ टनांच्या आसपास गेली. वजन सगळ्या आसांवर सारखं धरलं आणि १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा वेग वाढवायचा ठरवला, तर रुळावरची पकड (ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाच्या तुलनेत लागणारा जोर) आधी साधारण ०.१५ लागायची, आता ०.२० लागते. कोरड्या रुळावर चालतं. पहिल्या पावसात, रुळावर तेलकट थर असताना, चाकं जागीच फिरतात. उपाय म्हणजे वाळू आणि घसरण ओळखून जोर कमी करणारं नियंत्रण. ब्रेकची चाचणीही भरल्या वजनाने नव्याने घ्यायची. जुने आकडे ग्राह्य धरणं हा सरळ धोका.

प्रश्न (नाशिक): कोलकात्याच्या ट्रामना असा मधला भाग जोडता येईल?

उत्तर: जोडून फार फायदा नाही. तिथे बऱ्याच थांब्यांना फलाटच नाही, रस्त्यावरून चढायचं. तळ ३५ सेंमीवर आणला तरी एक पायरी राहतेच. शिवाय २०२४ च्या घोषणेनुसार मैदान-एस्प्लनेड सोडून बाकी मार्ग बंद करण्याचा राज्य सरकारचा इरादा आहे. त्या एका मार्गासाठी प्राग शहराचा धडा जास्त उपयोगी: तिथल्या तात्रा टी-३ ट्रामचे सांगाडे दुरुस्त करून वीज-नियंत्रण बदललं. जुनी रोधकांची (रेझिस्टरची) यंत्रणा वेग घेताना वीज उष्णतेत घालवते, चॉपर (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटारीला हवी तेवढीच देणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) ती वाचवतो. ब्रेक लावताना वीज तारेत परतही जाते, पण जवळ दुसरी ट्राम ती घेत असेल तरच. नसेल तर ती छपरावरच्या रोधकातच जळते, आणि एकाच ट्रामच्या मार्गावर बहुतेक वेळा असंच होणार.

सुरुवात मात्र पायऱ्यांखालचा पत्रा ठोकून पाहण्यापासून करावी. पाणी तिथेच साचतं, गंज तिथूनच लागतो.