घरातल्या फिश टँकचं पाणी किती आणि किती दिवसांनी बदलावं?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टँक आहे, चार गोल्डफिश आहेत, महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून टँक घासून धुता आणि तरी दोन-तीन दिवसांत एखादा मासा जातो. मासा त्या धुण्यामुळेच जातोय.

मीही सोलापूरचाच. सुरुवातीला मी अगदी हेच करायचो. एकदा खडी चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला, ताजं पाणी भरलं. सकाळी बघतो तर मोठा गोल्डफिश तळाशी एका कुशीवर पडलेला, कल्ले भराभर हलताहेत. दुपारी गेला. पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीचा पोपडा दिसत होता.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजमधले, खडीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन माशांसाठी विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. सगळं धुतलं की हे जिवाणूच जातात. नायट्रेट मात्र साचत राहतं, ते पाणी बदलूनच कमी होतं.

म्हणून आठवड्याला पाव टँक. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर मावतं, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45-50. म्हणजे साधारण 12 लिटर, एक बादली. गोल्डफिश फार घाण करतात आणि या टँकला चार जास्तच आहेत. मोठा टँक घेईपर्यंत आठवड्यातून दोनदा पाव बदला.

आता आपल्या गावचा प्रश्न. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाणी सुटलं की आपण बॅरल भरून झाकण लावतो. झाकलेल्या बॅरलमध्ये क्लोरीन बराच टिकतो. टँकसाठीची बादली वेगळी काढा, वर पातळ फडकं बांधून निदान एक दिवस ठेवा. घाई असेल तर माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, बाटलीवरच्या मापाने घाला. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जड असतं. आज नळाचं, उद्या बोअरचं असं करू नका, मासे तो धक्का सहन करत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या वर जातो आणि टँकची पातळी बोटभर उतरते. वरून पाणी घातलं म्हणजे बदललं असं नाही. वाफ होऊन फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात. काचेवर पांढरी रेघ दिसते ती त्यांचीच. उलट उन्हाळ्यात जास्त जपा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले की हवेचा पंप बंद ठेवू नका. बर्फ टाकू नका.

पाणी तांब्याने वरून काढू नका. नळीचं टोक खडीत रोवून ओढा, काळपट गाळ नळीतून सरसर जाताना दिसेल, घाण तिथेच असते. या रविवारी टँक रिकामा न करता एवढी एकच बादली काढा. स्पंज त्याच बादलीत दोनदा पिळा आणि ते पाणी जास्वंदीला घाला.