भांडं गार पडतं, मग उष्णता गेली कुठे?

प्रश्न : नवसागर पाण्यात विरघळवला की भांडं गार लागतं. म्हणजे उष्णता बाहेर पडली ना? मग ही प्रक्रिया उष्माग्राही (उष्णता शोषणारी) कशी?

उत्तर : गफलत नेमकी इथेच होते. उष्णता बाहेर पडलेली नाही. स्फटिकातले आयन (विद्युतभारित कण) सुटे करायला ती लागली आणि पाण्यातून ओढली गेली. थर्मामीटर दाखवतो ते पाण्याचं तापमान, आणि इथे पाणी हा परिसर धरायचा. परिसर गार झाला तर प्रक्रिया उष्माग्राही, तापला तर उष्मादायी (उष्णता सोडणारी).

थर्मोकोलच्या पेल्यात १०० मिली पाणी घेऊन १० ग्रॅम नवसागर ढवळा. पारा साधारण ६ अंश उतरतो. तेवढंच निर्जल कॅल्शियम क्लोराइड टाकलं तर तो १५ अंशांच्या आसपास चढतो. (चष्मा घाला, हात लावू नका.) पूड आणि पाणी आधी एकाच तापमानाला आलेली हवीत. काचेचं चंचुपात्र नको, काच स्वतःच उष्णतेची देवाणघेवाण करते. सगळ्यात फसवते ती उघडी राहिलेली बाटली! कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं, आणि त्याचं हेक्साहायड्रेट (पाण्याचे सहा रेणू धरलेलं रूप) झालं की विरघळताना पाणी उलट गार पडतं.

मेणबत्ती पेटवायला काडी लागते म्हणून ज्वलन उष्माग्राही ठरत नाही. काडी फक्त सुरुवातीची सक्रियण ऊर्जा पुरवते. आणि पाणी गोठणं? गारठ्यात घडत असलं तरी ते उष्मादायीच, कारण गोठताना पाणी उष्णता सोडतं.