पहिली सरकारी निविदा भरताना

आपण उत्पादक आहात आणि केंद्र सरकारच्या खात्यांना माल पुरवू इच्छिता, हे वाचून आनंद झाला. कागदपत्रांच्या धास्तीने थांबू नका. लहान उद्योगांसाठी हा भार नियमांनीच बराच हलका केला आहे, फक्त ती सवलत आपण मागावी लागते.

सर्वप्रथम उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी, करा. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन होते, विनाशुल्क आहे आणि तिच्यासाठी कोणतेही कागदपत्र जोडावे लागत नाही. तरीही अनेक नवखे दलालाला पैसे देतात, याचे मला फार वाईट वाटते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार या नोंदणीवर निविदेचा संच मोफत मिळतो आणि बयाणा रकमेतूनही (बोलीसोबत भरायच्या ठेवीतूनही) सूट मिळते. मात्र ही सूट उत्पादक व सेवा पुरवठादारांना आहे, केवळ व्यापार करणाऱ्यांना नाही. शिवाय निवड झाल्यानंतरची सुरक्षा ठेव भरावीच लागते.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका अशा:

- पॅन, जीएसटी, उद्यम आणि बँक खाते यांवरील नावांत फरक राहणे. बोली फेटाळली जाण्यास एवढेही पुरते, म्हणून हे आधी तपासा.
- सूट मागून तिचा पुरावा न जोडणे.
- न मागितलेले दाखले भरमसाट जोडणे.

पूर्वानुभव व उलाढालीच्या अटीतील शिथिलता खरेदीदार खात्याच्या निर्णयावर अवलंबून असते, त्यामुळे ती गृहीत न धरता प्रत्येक निविदेत वाचा. दरकरार, उलटा लिलाव वगैरे विषय तूर्त बाजूला ठेवून जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर एक लहान बोली भरा.