टर्बोत चालतं, जीसीसीत नाही, मग स्टँडर्ड कशाला?

प्रश्न: कॉलेजात आम्हाला अजून टर्बो सी (सी भाषेचा डॉसच्या काळातला कंपायलर) आहे, तिथे इंट, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, 2 बाइटचा. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्राम टाकला तर 4 येतात, आणि कोनिओची (कीबोर्ड-स्क्रीनच्या फंक्शन्सची) हेडर फाइल तर सापडतच नाही. सीला आयएसओ स्टँडर्ड आहे म्हणतात ना? उलट पायथनला असं काही नाही तरी त्याचं मस्त चाललंय. मग स्टँडर्डचा फायदा काय? (एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर: अरे मित्रा, गंमत म्हणजे इंटच्या बाबतीत दोघंही बरोबर आहेत. स्टँडर्ड एवढंच म्हणतं की इंट कमीत कमी 16 बिटचा हवा, वर किती ते कंपायलरवाल्याने ठरवायचं. आणि कोनिओ स्टँडर्डमध्ये कधी नव्हतीच, ती डॉसच्या जमान्यातल्या कंपायलरांची स्वतःची सोय. म्हणजे चूक कोणाची हे निदान ठरवता येतं, हाच फायदा. परीक्षेत 'आय = आय प्लस प्लस + प्लस प्लस आय, आउटपुट सांगा' असं येतं ना, त्याला स्टँडर्डप्रमाणे उत्तरच नाही, काहीही आलं तरी चालतं!

आता पायथन. तिथे सीपायथन (पायथन चालवणारा मूळ, अधिकृत इंटरप्रिटर) हा घरातला कर्ता, बाकीचे इंटरप्रिटर त्याचं बघून चालतात. डिक्शनरीत (की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायच्या प्रकारात) टाकलेला क्रम टिकणं 3.6 मध्ये सीपायथनची आतली गोष्ट होती, 3.7 पासून (2018) तो भाषेचाच नियम झाला. पण फाइल उघडून लिहिलं आणि क्लोज करायचं विसरलं तर सीपायथन बहुतेक वेळा लगेच बंद करून टाकतो, पायपाय या दुसऱ्या इंटरप्रिटरमध्ये मात्र गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा) येईपर्यंत डेटा लटकलेला राहू शकतो, आणि मग शोधत बसा बग.

जावास्क्रिप्टला असा कर्ता नव्हता. 1995 ला नेटस्केपने आणली, 1996 ला मायक्रोसॉफ्टने जेस्क्रिप्ट नावाने आपली वेगळी चूल मांडली, म्हणून 1997 ला एक्मा-262 हे जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड करावंच लागलं. तरी माझं मत विचारशील तर नुसत्या कागदाने भागत नाही, सगळ्यांनी चालवून बघायच्या टेस्ट लागतात, जावास्क्रिप्टची टेस्ट-262 आहे तशा. रुबी भाषेलाही 2012 ला आयएसओ स्टँडर्ड मिळालं, पण भाषा पुढे गेली आणि कागद तिथेच राहिला.

तू घरी जीसीसीला पेडँटिक फ्लॅग (काटेकोर तपासायला लावणारा पर्याय) लावून बघ, कुठे कुठे स्टँडर्ड सोडलंय त्यातलं बरंचसं तोच ओरडून सांगेल. व्हायव्हात मात्र 2 बाइट म्हणून मोकळा हो, मार्क सरांच्या हातात आहेत.