2050 पर्यंत जगात आमवाताचे रुग्ण दुप्पट होणार हे खरं आहे का? म्हणजे यावर इलाज नाहीच का?

तुमच्या 32 वर्षांच्या बहिणीला आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटून ते सुजतात तो आजार) निदान झालं आणि त्याच सुमारास ही बातमी वाचून घरचे हबकले, असं तुम्ही लिहिलंय. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. हे रुग्ण माझ्या ओपीडीत सतत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

अंदाज खोटा नाही. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक अभ्यासानुसार 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 76 लाख लोकांना आमवात होता आणि 2050 पर्यंत हा आकडा 3 कोटी 17 लाखांच्या आसपास जाईल. दुप्पट नव्हे, पण दुपटीला फार कमीही नाही. यातली बरीचशी वाढ लोकसंख्येची आणि लांबलेल्या आयुर्मानाची आहे. तो हिशेब वजा केला तरी 1990 ते 2020 या तीस वर्षांत आजाराचं प्रमाण साधारण 14 टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. बायकांमध्ये आजाराचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ अडीचपट आहे. टाळता येण्यासारखं ठळक कारण म्हणजे बिडी-सिगारेट. जगभरातल्या या आजाराच्या भारापैकी (म्हणजे अकाली मृत्यू आणि अपंगत्व मिळून होणाऱ्या नुकसानीपैकी) सुमारे 7 टक्के भार त्या अभ्यासाने धूम्रपानाच्या खात्यावर टाकलाय. याशिवाय अनुवंशिकतेचाही वाटा आहे, आणि त्यावर कुणाचा इलाज चालत नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. आमवातामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर याच तीस वर्षांत जवळजवळ 24 टक्क्यांनी खाली आला. आता या आजाराचा तीन चतुर्थांश भार अपंगत्वासह काढलेल्या वर्षांचा आहे. म्हणजे मूठ न वळणं, भाकरी थापताना मनगटाने साथ न देणं, सकाळी तासभर बोटं आखडलेली राहणं, नोकरी सुटणं. 2050 चा अंदाज किती जणांना आजार असेल एवढंच सांगतो. त्यांच्या हातांची अवस्था काय असेल, हे उपचार किती लवकर सुरू होतात यावर ठरणार आहे.

माझा सगळा जोर इथेच आहे. सांध्यांची कायमची झीज पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि आमच्याकडे नेमकी तीच वर्षं वाया जातात. आधी कॅल्शियमच्या गोळ्या, मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी, मग कुणीतरी सांगितलेली वाताची पुडी. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून दोन दिवसांत माणूस चालायला लागतो आणि गावभर त्या पुडीचं नाव होतं. सूज दबते, हाडं मात्र आतून पोखरली जातातच. वर साखर वाढते, तोंड सुजतं. मला या पुड्यांचा मनापासून राग येतो, कारण त्या घेऊन आलेल्या बाईची बोटं वाकडी झालेली असतात आणि ती मला सरळ करता येत नाहीत.

आमवात शहरी किंवा श्रीमंतांचा आजार आहे हा समजही सोडा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 साली संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक. आपल्या कुठल्याही मोठ्या गावात असे कितीतरी जण असणार.

इलाज आहे का, तर आहे. आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो, आणि बऱ्याच जणांत सूज पूर्ण शमते. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत ते या आजारासाठी 1988 साली मंजूर झालं, आपल्याकडे स्वस्तात मिळतं. नेटवर शोधलं की ‘कॅन्सरची गोळी’ असं येतं आणि लोक घाबरून बंद करतात. कॅन्सरमध्ये तिचा डोस कितीतरी मोठा असतो. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका आणि रक्ततपासण्या वेळेवर करा.

तिने भागलं नाही तर पुढची औषधं आहेत. अडालिमुमॅबसारखी, सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शनं पूर्वी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. 2014 साली अडालिमुमॅबची जगातली पहिली स्वस्त आवृत्ती अहमदाबादच्या कंपनीने आणली. तरीही ती सगळ्यांना परवडतात असं नाही. शिवाय त्यांनी अंगात दबलेला टीबी उफाळू शकतो, त्यामुळे आधी टीबीची तपासणी हवीच.

बहिणीचं लग्न ठरायचंय म्हणून आजार लपवावा का, हेही तुम्ही विचारलंय. लपवू नका. लपवलं की गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग त्या सुटतात, आणि बोटं बोलायला लागतात. आमवात असलेल्या कितीतरी जणी व्यवस्थित आई होतात. फक्त गर्भाला अपाय होत असल्याने मेथोट्रेक्सेट दिवस राहण्याआधी साधारण तीन महिने थांबवून गरोदरपणात चालणारं दुसरं औषध द्यावं लागतं. हा बदल संधिवाततज्ज्ञ करतात, स्वतःच्या मनाने करायचा नाही. तोवर गर्भनिरोधन काटेकोर हवं. पुढच्या भेटीत तिने हा विषय स्वतःहून काढावा, डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नये.